कोनाड्यातला वाटा

१

रत्नागिरीचा माणूस चहाला नाही म्हणत नाही. पण चहा हिरवा असेल, त्यात साखर नसेल आणि तो वाडग्यातून प्यायचा असेल, तर तो दोन घोट मान राखून घेतो आणि घरी जाऊन स्वतःचा चहा करून पितो. म्हणूनच नम्रतानं भाट्याचा पूल ओलांडून वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जपानी चहाघर काढलं, तेव्हा ते पुढचा पावसाळा काही बघत नाही असं सगळे म्हणाले होते. नम्रता देवरूखची. जपानात वृद्धाश्रमात नोकरी करून आलेली. "तिकडं जाऊन काय शिकली, तर गवताचं पाणी!" असंही लोक म्हणाले. पण चहाघर टिकलं. पावसला जाणारी पर्यटक मंडळी थांबायची, फोटो काढायची. आणि दर शनिवारी दुपारी, काही झालं तरी, मृणाली आपल्या सासऱ्यांना घेऊन यायची.

सासरे हरिश्चंद्र, सगळ्यांचे आबा, मूळचे जयगडचे. उभा जन्म जहाजावर गेला. शेवटी सारंग झाले, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे म्होरके. ज्यांच्या एका हाकेवर माणसं झोपेतून उठून दोर ओढायला धावायची, त्या आबांना विसराचा आजार जडला. आणि आजारानं चेष्टा तरी किती करावी! पहिला विसर पडला तो पोटच्या पोराचा. हर्षद त्यांचा एकुलता एक मुलगा, मृणालीचा नवरा. तोही जहाजावरच, इंजिनरूममध्ये फिटर. वर्षातला बराचसा काळ पाण्यावर. मृणाली आणि नात वेदिका रोज डोळ्यांसमोर, म्हणून त्या कशाबशा आबांच्या डोक्यात तगून राहिल्या. लांब होता तो पुसला गेला. सुट्टीवर आलेला हर्षद पाया पडला की आबा तोंडभर आशीर्वाद द्यायचे आणि मग मृणालीला बाजूला घेऊन विचारायचे, "हा कोण गो? बरा दिसतो पोरगा."

हर्षद हसायचा. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचा आणि बराच वेळ बाहेर यायचा नाही.

चहाघरात ती दोघं पहिल्यांदा गेली ती योगायोगानं. पावसहून येताना आबांना लघवीला लागली म्हणून मृणालीनं गाडी थांबवली. नम्रतानं आग्रहानं बसवलं आणि माचाचा, म्हणजे त्या जपानी चहाचा, वाडगा समोर ठेवला. हिरवा, दाट, वर बारीक फेस. आबांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "कोबे." मग जपानातल्या त्या कोबे बंदराच्या धक्क्यावरचा पाऊस, तिथली चहा देणारी म्हातारी, तिचं बोळकं हसू, असं सगळं सांगत सुटले. कित्येक महिन्यांत आबांच्या तोंडून एक धड वाक्य निघालं नव्हतं. मृणालीला रडू फुटलं. नम्रता घाईघाईनं टिश्यू पेपर घेऊन आली.

त्या दिवसापासून शनिवार ठरला. गणपतीला हर्षद घरी येणार होता. त्या वेळी आबांनी त्याला एकदा, एकदाच, नावानं हाक मारावी, एवढंच मृणालीला हवं होतं.

२

खोली साधीच होती. खाली चटया, बसकी मेजं, कागदाची सरकती दारं. बाहेर सड्यावर वारा कायम हुंदडत असायचा, पण आत आलं की कानांत बोळे घातल्यासारखं व्हायचं. किटलीतलं पाणी सूं करायचं आणि नम्रता बांबूच्या बारीक काड्यांची रवी वाडग्यात घुसळायची, तिची खसखस ऐकू यायची. बाकी बोललेलं सगळं चटयांत जिरून जायचं.

समोरच्या भिंतीत एक कोनाडा होता. उंची माणसाएवढी, खोली जेमतेम हातभर, खाली गुळगुळीत फळी. "जपानी बैठकीत हा असतोच," नम्रता म्हणाली होती. "एखादं फूल ठेवायचं. पाहुण्यानं त्यात पाय घालायचा नाही."

आबांनी तो कोनाडा पाहिला आणि त्यांच्या लेखी प्रश्न मिटला. ती जागा होती. आमच्याकडं परक्या ठिकाणी, रानात, बागेत, नव्या घरात कुणी पहिला घास तोंडात घालत नाही. तो जागेच्या मालकाचा. मालक म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला नव्हे. दुसरा, जागेवाला. चहाबरोबर उकडीसारख्या मऊ पिठाचा गोळा यायचा, आत गोड पुरण. आबांनी त्याचा तुकडा मोडला, गुडघ्यांवर सरकत जाऊन फळीवर ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

गाऱ्हाणं म्हणजे मागणं. पण एकट्याचं नव्हे. एकानं बोलायचं, थांबायचं, आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. होकार मिळाला नाही तर मागणं उभं राहत नाही, असं जुनी माणसं सांगतात. आबांची कवळी सैल, जीभ जड. ते काय पुटपुटत होते, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. थांबले की मान वळवून मृणालीकडं बघायचे. आजूबाजूला पुण्याची पोरं फोटो काढत होती. मृणालीला कानकोंडं झालं. पण म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा? ती हळूच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

आबा खूश झाले. मग दर शनिवारी तेच. नम्रतानंही कधी हरकत घेतली नाही. उलट त्या कोनाड्यासमोरचं मेज ती त्यांच्यासाठी राखून ठेवू लागली.

असाच एक शनिवार. खोलीत ती दोघंच होती. नम्रता आत भांडी विसळत होती. आबा पुटपुटून थांबले, मृणालीकडं वळले, तिनं तोंड उघडलं. आणि तिनं म्हणायच्या आधीच कुणीतरी व्हय म्हणालं.

आवाज मोठा नव्हता. तोंडात घास असताना माणूस हुंकार देतो, तसा होता.

मृणालीनं मागं पाहिलं. किटली सूं करत होती. किटलीचाच असणार, दुसरं काय? तिनं आपला "व्हय म्हाराजा" उरकला आणि वाडगा तोंडाला लावला. चहा त्या दिवशी जास्तच कडू लागला.

३

आबा सुधारत होते, हे मात्र कुणालाही दिसत होतं.

आधी ते स्वतःच्या हातानं शर्टाची बटणं लावू लागले. मग जयगडच्या घराचं कुलूप कुठं अडतं, ते सांगितलं. एका सकाळी देवघरासमोर बसून हमसून हमसून रडले. मृणाली धावत गेली, तर म्हणाले, "मालन गेली गो." मालन त्यांची बायको. तिला जाऊन मोप वर्षं झाली होती, पण आबांना ते त्या सकाळी आठवलं. मृणालीनं त्यांना पोटाशी धरलं. वाईट वाटलं आणि त्याहून जास्त आनंद झाला. तो झाला याची तिला लाजही वाटली.

मृणाली मारुती मंदिराजवळच्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. आबांना चालू असलेली गोळी ती स्वतः कितीतरी घरांना देत असे. त्या गोळीनं घसरण हळू होते, गेलेलं परत येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? डॉक्टरही फाईल चाळत म्हणाले, "असं सहसा होत नाही. पण होतंय ना? मग दृष्ट लावू नका." तिनं स्वतःची समजूत घातली. चव, वास, जुनी आठवण, मेंदूचं काही सांगता येत नाही. शिकलेल्या माणसाला बरं वाटेल असं कारण शोधायला वेळ लागत नाही.

"वहिनी, एक विचारू?" एका शनिवारी नम्रता तिला दाराशी म्हणाली. "आबा तो तुकडा ठेवतात ना, तो मी दुसऱ्या दिवशी काढते. त्याला मुंगी लागत नाही."

"बरंच आहे की!"

"अहो, इथं झाकलेल्या साखरेला मुंग्या लागतात! आणि तो हातात घेतला की..." नम्रतानं तळवा उघडून दाखवला, जणू तो तुकडा अजून तिथं होता. "वजनच नसतं. चोखून टाकलेल्या उसासारखा चोथा. मी तो बाहेर कावळ्याला टाकून बघितला. कावळा आला, बघितलं आणि मागं सरला."

"फळीला काही पॉलिश मारलं असशील तू."

"हो, मारलंय," नम्रता म्हणाली. पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

४

दर रविवारी हर्षदचा व्हिडिओ कॉल यायचा. त्या रविवारी मृणालीनं उत्साहानं आबांची प्रगती सांगितली. बटणं, कुलूप, सगळं.

"कुठलं कुलूप?" हर्षदनं विचारलं.

"जयगडच्या घराचं. ते नाही का अडत, खालून उचलावं लागतं?"

हर्षदनं कपाळ चोळलं. "असेल," म्हणाला.

मृणालीनं ते सोडून दिलं. जहाजावरची झोप म्हणजे तुकड्या-तुकड्यांची, इंजिनरूमची भट्टी, माणूस शिणतो. पण पुढच्या रविवारी त्यानं विचारलं, आपल्या गॅलरीतून काय दिसतं गं? त्याच्या पुढच्या रविवारी तो वेदिकाशी बोलला, हसला, अभ्यास कर म्हणाला. कॉल संपल्यावर वेदिका फुरंगटून बसली.

"काय झालं गं?"

"पप्पा मला बाळ म्हणाले. नुसतं बाळ. शेजारचे काका म्हणतात तसं."

"लाडानं म्हणाले असतील."

"लाडानं ते वेदुली म्हणतात," वेदिका म्हणाली. "त्यांना माझं नाव आठवत नव्हतं. मला कळतं."

आठ वर्षांच्या पोरीला कळतं ते आईला कळलं नव्हतं असं नाही. आईनं ते कळून घेतलं नव्हतं, एवढंच. त्या आठवड्यात ती शनिवारी गेली नसती तर? पुढं तिनं हा प्रश्न स्वतःला फार वेळा विचारला. पण शुक्रवारीच आबांनी तिला तिच्या लग्नात कोण कोण आलं होतं ते ओळीनं सांगितलं होतं. वऱ्हाडाच्या बसचा टायर कुठं फुटला तेही. फक्त नवरा मुलगा कोण होता, ते काही त्यांना सांगता आलं नाही. मृणालीला वाटलं, आता थोडंच राहिलं. आता हर्षदच तेवढा राहिला.

५

आषाढात सडा हिरवागार झाला. चहाघराच्या कागदी दारांना ओल धरली होती आणि ती सरकवताना घसा खाकरल्यासारखा आवाज करायची.

आबा आता चालतेबोलते होते. जीभ सुटली होती, नवी कवळी नीट बसली होती. गाडीतून उतरले, आपले आपण चपला काढल्या, नम्रताला "कसां काय गो, बरी हायस ना?" असं विचारलं. मृणालीचं मात्र चित्त थाऱ्यावर नव्हतं. सकाळीच बाबल्याचा फोन आला होता. बाबल्या जयगडचाच, हर्षदच्या जहाजावर भांडारी, म्हणजे स्वयंपाकी.

"वहिनी, घाबरू नका," असं म्हणून त्यानं जे सांगितलं ते ऐकून कुणीही घाबरलं असतं. हर्षद हातात पाना धरून उभा राहतो आणि हे काय आहे असं विचारतो. जेवायला बोलवावं लागतं. कामावरून उतरला की केबिनमध्ये जमिनीवर मांडी घालून भिंतीकडं तोंड करून बसतो. "हाक मारली तर वळतसुद्धा न्हाय वो. आपलां नाव हाय ह्ये त्याला समजतच न्हाय. कॅप्टन बोललाय, फुडच्या पोर्टला उतरवून घरी पाठवतो."

पुढचं पोर्ट अजून लांब होतं.

ती हे सगळं मनात घोळवत बसली होती. आबांनी तुकडा मोडला, सरकत कोनाड्याशी गेले, हात जोडले. आणि सुटलेल्या जिभेनं, स्वच्छ, त्यांचं गाऱ्हाणं तिला पहिल्यांदा ऐकू आलं.

"बा जागेवाल्या म्हाराजा, मी म्हातारा तुझ्या दारात आलंय. जां मला आठवत न्हाय, तां तुझां. तां तू घे. नि माझां मला परत दे, म्हाराजा."

आबा थांबले. वळून बघितलं.

शब्द कानांत शिरले, पण डोक्यात पोचायच्या आत तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "व्हय म्हाराजा."

आणि तिच्या आवाजाखाली, तिच्या आवाजाला चिकटून, दुसरा एक होकार आला. या वेळी किटली चुलीवर नव्हती.

६

परतताना मृणालीनं भाट्याच्या पुलाअलीकडं गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. शेजारी आबा खाडीत उभ्या असलेल्या होड्या बघत शांत बसले होते.

आबांना काय आठवत नाही? सुरुवातीला काहीच आठवत नव्हतं. पण त्यातलं बरंचसं मेलेलं होतं, मोडलेलं होतं, घेणाऱ्याला त्याचा काय उपयोग? आता घर आठवतं, मालन आठवते, सून, नात, वऱ्हाडाची बस, सगळं आठवतं. न आठवणारं असं एकच उरलं होतं. जितंजागतं, हाडामांसाचं. म्हाताऱ्यानं आपल्या परीनं फार हुशारीचा सौदा केला होता. ज्याची उणीव भासणार नाही ते देऊन टाकलं होतं. आणि त्याला दर शनिवारी हो कोण म्हणत होतं?

"मृणाली, तू खुळी झालीस," ती मोठ्यानं म्हणाली.

"व्हय?" आबा म्हणाले.

तिच्यातली फार्मासिस्ट गप्प बसली नाही. नवरा आजारी आहे, सासऱ्याला आजार होता, रक्तातलाच असेल, यात कोनाड्याचा काय संबंध? सगळं पटत होतं. तरी गाडी सुरू करायला हात जाईना. शेवटी तिनं ठरवलं, खुळं तर खुळं. तिच्या माहेरी एकदा आजोबांनी आपणच घातलेलं गाऱ्हाणं फिरवलं होतं, म्हणजे मागं घेतलं होतं. त्याच जागी उभं राहून, उलट शब्द बोलून. आणि आबांना हर्षद आठवला, तर द्यायला तो उरतोच कुठं?

तो आठवडा तिनं दुकानात रजा टाकली. भिंतीवरचा हर्षदचा फोटो खाली काढला आणि आबांच्या मांडीवर ठेवला.

"हा कोण आबा?"

"कोण गो?"

"हर्षद. तुमचा मुलगा."

"हर्षद. माझा मुलगा," आबा म्हणाले. आज्ञाधारक पोरानं पाढा म्हणावा तसं. दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. शुक्रवारपर्यंत ते न अडखळता सांगू लागले, हर्षद, माझा मुलगा, जहाजावर फिटर. पण फोटोकडं बघताना त्यांच्या डोळ्यांत ओळखीचं काही हलायचं नाही. मृणालीला ते दिसत होतं. तिनं न दिसल्यासारखं केलं. मग तिनं त्यांच्याकडून दुसरे शब्द घोकून घेतले, "दिलेलं परत घेतो, म्हाराजा. माझा हर्षद मला परत दे."

बाबल्याचा मेसेज आला होता. हर्षदनं जेवण सोडलं होतं.

७

शनिवारी पावसामुळं शाळांना सुट्टी दिली. शेजारचे गावाला गेलेले. वेदिकाला एकटीला घरी ठेवणं शक्य नव्हतं. तिला घेऊन जाताना मृणालीच्या मनात आलं, हिला काही सांगावं का? पण काय सांगणार? तुझ्या बापाला आजोबांनी देऊन टाकलंय, असं? "तिथं गप्प बसायचं, मस्ती करायची नाही," एवढंच ती म्हणाली.

खोलीत दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. नम्रतानं चहा ठेवला, मृणालीचा चेहरा बघून आत गेली आणि दार ओढून घेतलं. पाऊस कौलांवर कोसळत असणार, पण आत त्याचा आवाज येत नव्हता. बाहेर पाऊस पडतोय हे नुसतं माहीत होतं. कोनाड्यात एक पांढरं फूल होतं.

आबांनी तुकडा मोडला. सरकत गेले, ठेवला, हात जोडले. मृणाली त्यांच्या मागं गुडघ्यांवर बसली. शेजारी वेदिका, मान उंचावून बघत.

"बा जागेवाल्या म्हाराजा," आबांनी सुरुवात केली, "मी म्हातारा तुझ्या दारात आलंय."

"दिलेलं परत घेतो," मृणाली कुजबुजली.

आबांचे ओठ हलले. थांबले. घोकलेलं ते घोकलेलं. वेळेला उपयोगी पडतं ते जिभेला वळण लागलेलं. "जां मला आठवत न्हाय," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "तां तुझां. तां तू घे. नि माझां मला परत दे, म्हाराजा!"

मृणालीनं दात घट्ट आवळले होते. होकार द्यायचा नाही. नाही म्हणायचं, मोठ्यानं, स्पष्ट. तिनं श्वास घेतला.

"व्हय म्हाराजा!" वेदिका ओरडली.

शिमग्याला गावी पालखीपुढं सगळ्या पोरांच्या वरचा आवाज काढणारी पोर ती. आजोबांनी गाऱ्हाणं घातलं, थांबले, आई गप्प. मग तिनं म्हणायला नको? तिनं आईकडं शाबासकीसाठी पाहिलं.

आवाज चटयांत जिरला नाही. तो कोनाड्याकडं गेला आणि तिथून पुन्हा आला नाही. नंतर कुणीतरी समाधानानं आवंढा गिळला, तो ऐकू आला.

मृणालीनं वर पाहिलं. कोनाड्यात कुणीतरी बसलं होतं. हातभर खोलीत माणूस मांडी घालून बसू शकत नाही, पण बसला होता. पाठमोरा, भिंतीकडं तोंड करून. नारिंगी बॉयलर सूट, वाकलेले खांदे. मानेवर, कॉलरच्या वर, वाफेनं भाजल्याचा डाग होता. त्या डागावर तिनं कितीदा खोबरेल लावलं होतं. तिनं हाक मारायला तोंड उघडलं. नाव आलं नाही. जिभेवर होतं, दाताशी होतं, पण निघेना. लग्नाच्या नवऱ्याचं नाव तिला आठवेना.

"हर्षद!"

हाक आबांनी मारली होती. घोकलेली नव्हती ती. त्या आवाजात पाळण्यातलं पोर होतं, पहिल्यांदा पोहायला पाण्यात ढकललेला मुलगा होता, विमानतळावर वळून हात हलवणारा तरुण होता. "हर्षद, बाबा रे, इकडं बघ! मी आबा!"

त्यानं वळून पाहिलं नाही. हाक आपल्याला आहे, हे त्याला कळलंच नाही.

दार खाकरत सरकलं. ओरडा ऐकून नम्रता धावत आली होती. उजेड आत पडला. कोनाड्यात फूल होतं. फळीवरचा तुकडा नव्हता.

८

घरी येईपर्यंत आबा बोलत होते. हर्षदला कांजिण्या आल्या त्या रात्री मालन कशी जागली, शाळेतून पळून तो जेट्टीवर कसा बसायचा, आपण त्याला मारलं होतं, उगाच मारलं होतं. मधेच विचारायचे, "कधी येणार गो माझा पोरगा? गणपतीला ना?" वेदिका मागच्या सीटवर मुसमुसत होती. आपलं काय चुकलं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. मृणालीला ते सांगायचं नव्हतं, आज नाही, कधीच नाही.

फोन जिना चढताना वाजला. मुंबईचा नंबर, जहाजाच्या कंपनीचा. मृणालीनं स्क्रीनकडं पाहिलं आणि तिचा अंगठा हलेना. आबांनी तिच्या हातातून फोन अलगद काढून घेतला.

"येस सर. फादर स्पीकिंग. सारंग, रिटायर्ड." जहाजावरची ती इंग्रजी त्यांना कित्येक वर्षांनी सापडली होती. ते कठड्याला टेकून ताठ उभे राहिले आणि एकेक प्रश्न विचारू लागले. हर्षदला शेवटचं कुणी पाहिलं? कुठल्या डेकवर? लाईफजॅकेट जागेवर आहे की नाही? वारा कुठला, लाटा केवढ्या, पाणी किती गार? जहाज मागं वळवलं का? पलीकडचा माणूस आदबीनं उत्तरं देत होता. शोध चालू आहे, आशा सोडू नका, असं शेवटी तो म्हणाला, तेव्हा आबा नुसतं "थँक यू, सर" म्हणाले. उभा जन्म समुद्रावर काढलेल्या माणसाला मिळालेल्या उत्तरांचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. सहा महिन्यांपूर्वी त्यांना यातला एक शब्दही कळला नसता. फोन ठेवून ते चहा मागून मोकळे झाले असते.

ते पायरीवर बसले.

"आबा, उठा," मृणालीनं त्यांचा हात धरला. "चला, परत फिरू. आत्ताच्या आत्ता. परत गाऱ्हाणं घाला, त्याला काहीतरी दुसरं द्या, काहीही द्या, मी हो म्हणते. मी म्हणते हो!"

आबांनी तिच्याकडं पाहिलं. डोळे पाण्यानं भरलेले, पण लख्ख. त्यात ती होती, वेदिका होती, मालन होती, हर्षद होता. एकही माणूस गाळलेला नव्हता.

"काय देऊ गो?" ते म्हणाले. "मला आता सगळां आठवतां."